चूल विझली आहे

गेल्या शिमग्याला गावी जाताना माझी एक जुनी मैत्रीण माझ्याबरोबर आली होती. पहाटे दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीत आम्हांला खिडकीजवळच्या समोरासमोरच्या जागा मिळाल्या. पेण मागे पडले, पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणारी बाई उतरून गेली, डबा थोडा शांत झाला आणि मैत्रिणीने पिशवीतून एक वही काढली. तिचे यजमान गेल्याला वर्ष झाले. तेव्हापासून ती जवळच्या माणसांना तीनच प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून घेते. नवऱ्याला हे विचारायचे राहून गेले, आता आणखी कोणाचे राहू नये, एवढेच तिचे म्हणणे. बरे-वाईट तू कशावरून ठरवतेस? तुझी माणसे कोणती? आणि आयुष्यातल्या कोणत्या गोष्टीची रुखरुख तुला अजून लागून आहे? आम्ही दोघींनी एकाच शाळेत सव्वीस वर्षे शिकवले, एकमेकींच्या डब्यातले खाल्ले, एकमेकींची बाळंतपणे पाहिली, तरी असे काही आम्ही एकमेकींना कधी विचारले नव्हते. पहिल्या प्रश्नाला मी म्हणाले, ज्याने दुसऱ्याला त्रास होत नाही ते चांगले. दुसऱ्यावर मी पुष्कळ बोलले. नागोठणे ते कोलाड मीच बोलत होते. तिसरा प्रश्न आला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "गाणं शिकायचं राहून गेलं." तिने वहीत लिहिले, "गाणे." त्यापुढे पूर्णविराम दिला आणि वही मिटली.

मी खोटे बोलले होते.

गाणे शिकले नाही हे खरे आहे. माझा आवाज बरा होता, शाळेच्या प्रार्थनेला मलाच पुढे उभे करीत, आणि घरी पेटी असती तर कदाचित काही झालेही असते. परंतु त्याची रुखरुख मला नाही. ज्या गोष्टीची आहे ती त्या क्षणी माझ्या ओठांपर्यंत आली होती, आणि मी तिच्यापुढे ही दुसरी गोष्ट उभी केली. पाहुणे अचानक आले की पसारा झाकण्यासाठी आपण दारावर चादर ओढतो, तशी. त्याच संध्याकाळी ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात आली. मैत्रीण मूळची अमरावतीची, तिने हे सारे प्रथमच पाहिले. ढोलाच्या ठेक्यावर पालखी खांद्यांवरून नाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमची ओटी भरून झाली, गुरवांनी गाऱ्हाणे घातले आणि पालखी पुढच्या घराकडे निघाली. वाटेतले एक घर मात्र ओलांडून गेली. मैत्रिणीने सहज विचारले, "इथे का नाही थांबली?" मी म्हणाले, "ते घर बंद असतं गं." हेही खरेच होते. दाराला कुलूप होते, पडवीवर पत्र्याचा तुकडा लोंबत होता. एका दिवसात मी तिला दोन उत्तरे दिली, दोन्ही खरी होती, आणि दोन्हींच्या आड मी उभी होते. ते मला गेले कित्येक दिवस खुपते आहे.

दुसऱ्या प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र मी आजही मागे घेणार नाही. माझी माणसे म्हणजे माझी गावकी. महाड तालुक्यातल्या ज्या डोंगरउतारावरच्या गावात मी वाढले तिथे गाडीरस्ता पावसाळ्यात चार महिने बंद होई. आजारी माणसाला डोलीत घालून, आळीपाळीने खांदे बदलत, चिखलातून सहा मैलांवरच्या डांबरी सडकेपर्यंत नेत ते गावकीचेच लोक. एका घराची लावणी मागे पडली तर न बोलावता दहा बायका वाफ्यात उतरत. घरावर नवी कौले चढवायची असली की मालकाने फक्त चहा-भाकरीची सोय करायची. लालबागच्या एका चाळीत गावाची स्वतःची खोली होती. दहा बाय बाराची ती खोली, तिच्यात पंचवीस-तीस माणसांच्या ट्रंका भिंतीला लावून रचलेल्या, आणि गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे त्याच जमिनीवर तीन वेळा अंथरुणे पडत. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि खिळ्याला वर्गणीची वही. माझे वडील वयाच्या सतराव्या वर्षी त्या खोलीत उतरले. मुंबईत त्यांना नोकरी लागेपर्यंत जेवायला घालणारी खानावळही गावकीच्याच शब्दावर उधार देत होती. पुढे 2005 च्या जुलैत आमच्या तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्या गावची माणसे टिकाव-फावडी घेऊन चालत निघाली. कोणी बैठक घेतली नाही, कोणाची परवानगी मागितली नाही. हे सारे मी मैत्रिणीला गाडीत सांगितले आणि सांगताना माझा ऊर भरून आला होता. तो खोटा नव्हता.

ज्या गावकीबद्दल माझा ऊर भरून येतो, तिच्याच बाबतीत माझी रुखरुख आहे. म्हणून ती सांगता येत नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांत माझे वडील एक होते. पहिले दोन महिने ते खोलीवर राहिले, सभांना गेले, आणि शिमग्याला गावी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. घरात आम्ही चार भावंडे, आजी, आई. शेत होते, पण त्याचे भात वर्षभर पुरत नसे. गावात देवाच्या नावावर थोडी भातजमीन होती आणि तिचे भात देवळामागच्या खोलीत कणगीत साठवलेले असे. त्या वर्षी गावकीने ठरवले की संपात अडकलेल्या घरांना या भाताचे तांदूळ करून दर महिन्याला द्यायचे. फेडता येईल तेव्हा फेडायचे, नाही जमले तर देव समजून घेईल. मी आणि आई टोपली घेऊन जात असू. मापाला दादाकाका बसत. ते आमच्या भावकीतले, चौथ्या पिढीतले चुलत. पायली काठोकाठ भरली की बहुतेक माणसे तिच्यावरून हात फिरवून सपाट करतात. दादाकाका तसे करीत नसत. पायली भरल्यावर आणखी दोन ओंजळी वर ओतत, तांदळाचे टोक उभे राही, कडेने दाणे घरंगळू लागत, तेव्हाच ते पायली उचलीत. आई म्हणे, "शीग लावून देतो हो माणूस." त्यांच्या हातांचा मळकट पांढरा रंग, बोटांवर चिकटलेला कोंडा आणि कणगीतल्या भाताचा तो उबट वास माझ्या नाकात अजून आहे.

दुसऱ्या वर्षी, 1983 च्या शिमग्याआधी, देवळाकडे जाणारी वाट रुंद करायचे ठरले. दादाकाकांच्या वरकस जमिनीची एक पट्टी त्यात जात होती, तिच्यावर काजूची सहा-सात झाडे होती. त्यांनी मोबदला मागितला. देवाच्या कामाला मोबदला कसला, असे बैठकीत ठरले आणि झाडे तोडली गेली. दादाकाका तालुक्याच्या कोर्टात गेले. गावकीला न विचारता कोर्टाची पायरी चढणे हा आमच्याकडे मोठा अपराध होता. झाडांचा प्रश्न त्यापुढे कोणाला आठवेनासा झाला. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक बसली. त्यांच्या घराशी बोलणे बंद, पाणी बंद, विस्तव बंद, दुकानातून माल बंद, लग्नमयताला जाणे बंद, आणि जो हे मोडील त्याला दंड. माझे वडील त्या बैठकीत होते. घरी आल्यावर त्यांनी पायरीवर बसून बराच वेळ पाय धुतले. आईने विचारले, तुम्ही काय बोललात? ते म्हणाले, "मी काय बोलणार? कणगीतलं खातोय आपण."

त्या शिमग्याला नानीकाकीने, दादाकाकांच्या बायकोने, नेहमीसारखे अंगण सारवले होते. बैठकीतले सारे तिला ठाऊक होते, तरी सारवले होते. रांगोळी घातली, पाट मांडला, ओटीचे ताट घेऊन ती तुळशीजवळ उभी राहिली. ताटात खण, नारळ, तांदूळ आणि केळ्याचा एक फणा. ढोल जवळ आले, पालखी तिच्या कुडणाशी आली, आणि ढोलाचा ठेका न बदलता पुढे गेली. तो ठेका बदलला नाही हेच मला सर्वांत जास्त आठवते. घरासमोर पालखी थांबणार असली की ढोलवाला आधी हात आवरता घेतो, चार ठोके संथ देतो. गावातल्या लहान मुलालाही ते कळते. नानीकाकी त्या चार ठोक्यांची वाट पाहत होती. पालखी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ताट तिच्या हातातच होते.

पुढे आषाढ लागला. आमच्याकडचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. भिंतींना ओल चढते, मीठ पाणी होते आणि काडेपेटी सादळते. काडी घासली की गुलाचा नुसता लगदा पेटीच्या कडेला लागतो. आम्ही आमची पेटी चुलीशेजारी, उबेला ठेवत असू. पण एकदा घरातली आग पूर्ण विझली आणि पेटी सादळली की शेजाऱ्याकडून विस्तव आणण्याला पर्याय नसे. एके सकाळी आई गोठ्यात होती, वडील ओटीवर इरले सांधत बसले होते, मी भात शिजवत होते. मागच्या दाराशी नानीकाकी आली. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात एक गोवरी आणि पळसाचे पान. उंबऱ्याच्या बाहेर, पागोळीखाली उभी राहून म्हणाली, "बाय, जरा इस्तव दे गो."

मी म्हणाले, "चूल विझलीय, काकी."

आमच्या कौलांतून त्या वेळी धूर निघत होता. पावसाळी हवेत धूर वर जात नाही, छपरावरच लोळत राहतो. तो तिच्या मागे, तिच्या खोळीवर उतरत होता. भात रटरटत होता, झाकणीचा आवाज तिला ऐकू येत असणार. ती काही बोलली नाही. तिने गोवरी पदराखाली घेतली, कारण ती भिजत होती, आणि गेली. ओटीवरच्या वडिलांनी सारे ऐकले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. सुई त्यांच्या हातात तशीच थांबलेली मला दिसली. मग मी जे केले ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मी भाताचे भांडे उतरवले, कळशीतले पाणी घेतले आणि चुलीत ओतले. मोठा चरचराट झाला, राख उडाली, घरभर ओल्या धुराचा आंबूस वास भरला. बहुधा मला माझे वाक्य खरे करायचे होते. आई धावत आली, तिने माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि काही न विचारता ओली लाकडे बाहेर काढू लागली. त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या घरी कोणी जेवले नाही.

नानीकाकीला विस्तव मिळाला तो बौद्धवाडीतून, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे ती वाडी होती. तिची विहीर वेगळी, तिचे मसण वेगळे. आमची माणसे तिथे पाणी पीत नसत. गावकीने त्यांना कधी आत घेतलेच नव्हते, त्यामुळे गावकीचा दंडही त्यांना लागू होत नव्हता. तिथल्या एका म्हातारीने नानीकाकीला निखारे दिले, वर कोरडी काडेपेटी दिली, आणि पुढे तीन वर्षे तिच्या घरचे मीठ-तेल त्या वाडीतली पोरे महाडच्या बाजारातून आणून देत. मी शिक्षिका झाल्यावर दर वर्षी मुलांना चवदार तळ्याचा धडा शिकवला. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या मागून हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर गावोगावी परतणाऱ्या त्या माणसांना मारहाण झाली, तळ्याचा खटला उच्च न्यायालयात सुटायला 1937 साल उजाडले, हे सारे मी फळ्यावर लिहीत असे. ते तळे माझ्या तालुक्याच्या ठिकाणी आहे, लहानपणी एसटीतून जाताना मी त्याच्या काठाने कितीदा गेले आहे. ओढ्यापलीकडच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या जे सोसले त्याच्याशी नानीकाकीच्या काही वर्षांची बरोबरी करण्याचा मला काडीचा अधिकार नाही. मी एवढेच म्हणते की धडा शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर तळे कधी येत नसे. पागोळीखाली भिजणारी ती गोवरी येई, आणि माझा खडू क्षणभर थांबे.

आता वाचणारा म्हणेल, तू सतरा वर्षांची होतीस. घर गावकीच्या तांदळावर चालले होते, बाप घरी बसला होता, दंड भरायला पैसे नव्हते. हे म्हणणे बरोबर आहे. माझ्या मैत्रिणीनेही हेच म्हटले असते, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तिने माझा हात हातात घेतला असता आणि मला माफ करून टाकले असते. मी इतकी वर्षे ही विस्तवाची गोष्ट मनात जपून ठेवली आहे, कधी कधी स्वतःलाच सांगितली आहे, डोळे ओले केले आहेत, ते का, हे या शिमग्यानंतर माझ्या लक्षात आले. ही माफ होण्यासारखी गोष्ट आहे. तिच्यामागे जी दुसरी आहे, ती तशी नाही.

1991 साली दादाकाकांनी खटला काढून घेतला, दंड भरला, सहाणेवर नारळ ठेवून गावकीची माफी मागितली आणि त्यांना परत आत घेण्यात आले. सात वर्षांनी, 1998 मध्ये, गावाने दुसरे घर वाळीत टाकले. ते माझ्या चुलत वहिनींचे घर, आमच्या घराला लागून. त्यांच्या मुलाने मुंबईत दुसऱ्या जातीतल्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. गावकीने दंड सांगितला आणि सुनेने पालखीला हात लावायचा नाही असे बजावले. वहिनी म्हणाल्या, दंड भरते, पण सुनेला दुसरी वागणूक नको. बोलणी तिथेच मोडली. त्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली होती, गणपतीला चाकरमानी कौतुकाने गाडीने आले होते, गाव माणसांनी फुलले होते. मी बत्तीस वर्षांची होते. कायम नोकरी होती, पगार होता, डोंबिवलीला स्वतःचे घर होते. गावकीच्या कणगीतला एक दाणाही माझ्या पोटात नव्हता.

वहिनी आधी नानीकाकीकडे गेल्या होत्या. हिने सोसले आहे, हिला समजेल, असे त्यांना वाटले. नानीकाकीने दार लावून घेतले. मग त्या परसातून माझ्याकडे आल्या. मी भांडी विसळत होते. म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही शिकलेल्या. उद्या बैठक हाय. बाईमाणसाला बोलू देत नाहीत, पण तुम्हांला देतील. एक शब्द टाका." मी म्हणाले, "वहिनी, मी बोलून काय होणार? आणि मला उद्याचीच गाडी आहे." गाडी परवाची होती. तिकीट माझ्या पर्समध्ये होते, तारीख मला ठाऊक होती.

त्या रात्री आरत्या निघाल्या. आमच्याकडे सारे गाव मिळून घरोघरी जाते, एका गणपतीपुढची आरती संपली की टाळ-मृदंग वाजवत पुढच्या अंगणात. आमच्या घरची आरती झाली आणि मंडळी वहिनींचे घर सोडून त्यापुढच्या घरी गेली. वहिनींचे दार उघडे होते. आत दिव्याच्या उजेडात मखर दिसत होते, आणि त्या, त्यांचे यजमान, मुलगा आणि नवी सून अशी चार माणसे आरती म्हणत होती. एकच झांज होती. सुनेला सगळे शब्द येत नव्हते, ती अर्धा क्षण मागून म्हणत होती. आम्ही वीस हातांवर होतो. आमच्या घोळक्यातल्या कोणीतरी मला म्हटले, "ताई, तू उचल." आणि मी आरती उचलली. माझा आवाज तेव्हा चांगला चढत असे. पन्नास माणसांनी माझ्यामागे सूर धरला, मृदंग लागला, आणि त्या चार आवाजांतला एकही ऐकू येईनासा झाला. मी मधेच एकदा तिकडे पाहिले. त्यांचे ओठ हलत होते.

मैत्रिणीच्या वहीतला "गाणे" हा शब्द म्हणजे हेच असावे, असे मला आता वाटते. मी काहीतरी दुसरे सांगायला निघाले आणि जीभ त्याच ठिकाणी जाऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली तेव्हा मी पोट दुखते म्हणून माजघरात पडून होते. नानीकाकी मला संध्याकाळी विहिरीवर भेटली. मी न विचारताच म्हणाली, "एकदा सोसलंय, बाय. आता परत नाय झेपायचं." तिने पोहरा सोडला, कप्पी करकरली, आम्ही दोघी पाण्याकडे पाहत राहिलो. तिच्या बंद दाराला मी दोष देऊ शकत नाही. ज्याला एकदा पोळले आहे तो दुसऱ्याला धीर देईल अशी आपली समजूत असते. तिच्या बाबतीत भीतीच घट्ट झाली होती, कारण पालखी न थांबता पुढे जाते तेव्हा काय होते हे साऱ्या गावात तिलाच ठाऊक होते. माझे तसे काही नव्हते. मला फक्त पुढच्या शिमग्याला, पुढच्या गणपतीला, त्या गावात मोकळेपणाने यायचे होते. ढोलाचे ते चार संथ ठोके माझ्याही अंगणापुढे पडायला हवे होते. मैत्रिणीने विचारले होते, बरे-वाईट तू कशावरून ठरवतेस. खरे उत्तर असे आहे की तेव्हा मी ठरवलेच नाही. पालखी कोणाकडे थांबते ते पाहिले आणि तिच्याबरोबर चालत राहिले.

वहिनींचे कुटुंब दोन वर्षांत गाव सोडून बदलापूरला गेले. त्या काळात असा बहिष्कार थेट गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे उरला नव्हता. मुंबई प्रांताचा 1949 चा कायदा 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. नवा कायदा विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये केला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला होता, आणि 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ती बातमी मी शिक्षकांच्या खोलीत वाचली. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, नववीच्या वर्गाला वाचून दाखवले. एका मुलाने विचारले, "बाई, तुमच्या गावात असं होतं का?" मी म्हणाले, "पूर्वी व्हायचं." कायदा आला याचा मला मनापासून आनंद झाला होता, आणि तो आनंद दाखवताना माझे कान तापले होते, हेही तितकेच खरे. माझ्या गावात बोलायला कायद्याची गरज नव्हती. उद्याच्या गाडीऐवजी परवाचेच तिकीट आहे असे सांगितले असते तरी पुरले असते.

नानीकाकी 2009 साली गेली. त्याच्या तीनएक वर्षे आधी मी एकदा तिच्या ओटीवर बसले होते. ती भिजवलेले वाल सोलत होती, मीही सोलू लागले, आणि मान खाली घालूनच मी तो विषय काढला. आषाढातली सकाळ, गोवरी, चूल. तिने माझ्या पुढ्यातले न सोललेले चार वाल उचलून आपल्याकडे घेतले. "कुठला इस्तव?" म्हणाली. "मला नाय आठवत, बाय." तिच्या आठवणीचे मला ठाऊक नाही. मला मात्र इतके हलके वाटले की त्याची आजही लाज वाटते, आणि तिथेच मी सारा हिशेब चुकता झाला असे धरले. वहिनींच्या अंगणापर्यंत तो कधी नेलाच नाही.

गेल्या आठवड्यात मी मैत्रिणीला फोन केला आणि म्हटले, वहीतले माझे तिसरे उत्तर खोड. मग हे सगळे सांगितले. ती मधे एकदाही बोलली नाही. तिच्याकडे पंख्याचा आवाज येत होता. मी थांबले तेव्हा मला वाटले होते की आता ती म्हणेल, जाऊ दे गं. तिने विचारले, "तुझ्या त्या वहिनी आता कुठे असतात?"

मला नीट सांगता आले नाही. बदलापूरला, पण कोणत्या बाजूला, कोणाकडे, आहेत की नाहीत. भाच्याला विचारले, त्याने दुसऱ्या दिवशी नंबर पाठवला. चार दिवस तो नंबर फोनमध्ये तसाच होता. मी दर वेळी एखादे काम काढत होते. दळण, गॅसचा नंबर, बँक. काल दुपारी, जेवणे आटोपल्यावर, मी तो लावला. बराच वेळ वाजला. मग एका तरुण बाईचा आवाज आला, कोण बोलतंय? मी माझे नाव सांगितले, माहेरचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले. तिकडे कुठलीशी मालिका मोठ्या आवाजात चालू होती. "आई, तुमच्या गावचा फोन," असे कोणीतरी म्हणाले, आणि टीव्ही बंद झाला. फोन हातातून हातात गेला. श्वासाचा आवाज आला, म्हातारा, थोडा घरघरणारा.

"वन्सं?" वहिनी म्हणाल्या. "बोला."